म्न्याच्कोला अर्धा आणू नका : मराठी प्रकाशकांना आणि अनुवादकांना खुलं पत्र

मराठी प्रकाशक, संपादक आणि अनुवादक मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

लादिस्लाव म्न्याच्को या स्लोव्हाक लेखकासाठी हे पत्र लिहितो आहे. जन्म १९१९, मृत्यू १९९४. एवढ्या काळात तो नाझींविरुद्ध जंगलात लढला, कम्युनिस्ट पक्षाचा लाडका पत्रकार झाला, मग त्याच पक्षाचं पाप त्याने चव्हाट्यावर मांडलं, सरकारने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं, तो परत आला, पुन्हा देश सोडून गेला, वीसेक वर्षं ऑस्ट्रियात राहिला, आणि म्हातारपणी घरी परतला तर दोन-तीन वर्षांत त्याचा देशच फुटून दोन झाला. त्याच्या मायदेशात त्याच्या नावावरून वाद घातले गेले ते यातल्या प्रत्येक वळणावर.

माझी मागणी अशी आहे, की त्याची पुस्तकं मराठीत आणा, आणि आणताना त्याला अर्धा आणू नका.

अर्धा म्हणजे काय, ते सांगतो. पूर्व युरोपातला लेखक आपल्याकडे येतो तेव्हा मलपृष्ठावरचा मजकूर बहुधा आधीच ठरलेला असतो. ‘कम्युनिस्ट राजवटीचा बुरखा फाडणारी कादंबरी’, ‘हुकूमशाहीला आव्हान देणारा निर्भीड लेखक’ वगैरे. म्न्याच्कोच्या बाबतीत हे खोटं ठरणार नाही. पण ते एवढंच छापलं, तर १९४५ ते १९५६ या काळातला म्न्याच्को गाळला जाईल, आणि तो गाळला की उरलेल्या म्न्याच्कोत फारसा दम राहत नाही. त्याच्या साक्षीला वजन आहे, कारण ती आतल्या माणसाची साक्ष आहे. तो कुंपणाबाहेरून दगड मारत नव्हता. ज्या वाड्याबद्दल तो लिहितो, त्या वाड्यात त्याची ऊठबस होती.

जरा सुरुवातीपासून सांगू द्या.

मोराव्हियातल्या व्हालाश्स्के क्लोबोउकी या लहानशा गावी त्याचा जन्म झाला, म्हणजे आजच्या चेक बाजूला. पण तो वाढला स्लोव्हाकियातल्या मार्टिन या गावात आणि लिहिता झाला स्लोव्हाक भाषेत. (पुढे राष्ट्रवाद्यांनी त्याच्या या जन्मगावाचंही भांडवल केलं.) १९३९ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे तुकडे झाल्यावर सीमा ओलांडून निसटायचा प्रयत्न करताना तो पकडला गेला, जर्मनीत छावणीत गेला, एसेनच्या कोळशाच्या खाणीत राबला आणि १९४४ मध्ये तिथून पळाला. मोराव्हियाच्या डोंगरांत पार्टिझन, म्हणजे भूमिगत सशस्त्र तुकड्या, होत्या. त्यांना तो जाऊन मिळाला.

त्या डोंगरांत प्लोश्तिना नावाची वाडी होती. मोजकी घरं. शेतकरी पार्टिझनांना भाकरी देत, आसरा देत. तुकडीत दोन हेर घुसले होते आणि त्यांनी सगळी माहिती जर्मनांना पोचवली. १९ एप्रिल १९४५ रोजी, युरोपातलं युद्ध संपायला तीन आठवडेसुद्धा उरले नव्हते तेव्हा, शिक्षा द्यायला आलेल्या तुकड्यांनी वाडी पेटवून दिली आणि २४ माणसांना घरांत जिवंत जाळलं. पार्टिझन त्याआधी तिथून निघून गेले होते. जाळणाऱ्यांत जर्मनांच्या जोडीला हलिंका गार्ड या स्लोव्हाक फॅसिस्ट सशस्त्र संघटनेचे लोकही होते. वाचवायला गेलेले निघून गेले आणि ज्यांनी आसरा दिला ते जळाले, ही गोष्ट म्न्याच्कोच्या मनातून कधी गेली नाही.

चौदा वर्षांनी, १९५९ मध्ये, त्याने त्यावर ‘मृत्यूचं नाव एंगेलखेन’ ही कादंबरी लिहिली. निवेदक व्होलोद्या पाठीच्या कण्याला गोळी लागून इस्पितळात पडला आहे. बाहेर युद्ध जिंकल्याचा जल्लोष आणि आत हा हलू शकत नाही. पडल्या पडल्या त्याला सगळं आठवतं. त्या काळी चेकोस्लोव्हाकियात पार्टिझनांवर ढिगाने पुस्तकं निघत होती आणि त्यांतला प्रत्येक पार्टिझन धुतल्या तांदळासारखा असे. म्न्याच्कोने मात्र अपराधी पार्टिझन उभा केला. आपण तिथून निघालो ते बरोबर होतं का, हा प्रश्न व्होलोद्याला कुणी डॉक्टर काढून देऊ शकत नाही. मार्था नावाची एक ज्यू मुलगी या कादंबरीत आहे. ती जर्मन अधिकाऱ्यांच्या शय्येवर जाते आणि तिथून बातम्या आणून पार्टिझनांना देते. युद्ध संपल्यावर तिचं काय करायचं, हे कुणालाच कळत नाही. विजयाच्या मिरवणुकीत तिला जागा नाही. मला विचाराल तर मराठी वाचकाच्या युद्धावरच्या पुस्तकांच्या कपाटात ही एवढी एक व्यक्तिरेखा यावी, म्हणूनसुद्धा ही कादंबरी आणायला हरकत नाही. १९६३ मध्ये यान कादार आणि एल्मार क्लोस या जोडीने तिच्यावर चित्रपट केला. तीनच वर्षांनी याच जोडीच्या दुसऱ्या एका चित्रपटाला ऑस्कर मिळालं.

पण मी मधली चौदा वर्षं ओलांडून आलो, आणि नेमकं तेच करू नका म्हणून तुम्हाला सांगतो आहे. तेव्हा मागे जाऊ.

युद्धानंतर म्न्याच्को पक्षाच्या वर्तमानपत्रांत शिरला, आधी प्रागच्या ‘रुदे प्राव्हो’त आणि मग ब्रातिस्लाव्हाच्या ‘प्राव्दा’त. पोलाद, धरणं, कारखाने, नवा माणूस, नवी पहाट अशा विषयांवर त्याने लिहिलं. प्रचाराची गाणी आणि नाटकही लिहिलं. ओराव्हा नदीवर धरण बांधलं गेलं त्यावरचे त्याचे वृत्तान्त गाजले. अल्बेनिया, चीन, व्हिएतनाम असे दौरे झाले. त्या वेळी सामान्य चेकोस्लोव्हाक माणसाला शेजारच्या ऑस्ट्रियात जायची परवानगी मिळणं दुरापास्त होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या दौऱ्यांची किंमत कळते. सत्ता आपल्या माणसांना काय काय देते, ते त्याने असं स्वतःच्या हातात घेऊन पाहिलं होतं.

आणि याच वर्षांत त्या देशात काय चाललं होतं? १९५२ च्या नोव्हेंबरात प्रागमध्ये कम्युनिस्ट पक्षाचा माजी सरचिटणीस रुडॉल्फ स्लान्स्की आणि इतर तेरा जणांवर खटला चालला. चौदांपैकी अकरा आरोपी ज्यू होते, आणि ते आरोपपत्रात मुद्दाम नमूद केलेलं होतं. अकरा जणांना फासावर चढवलं. त्यांत व्लादिमीर क्लेमेंतिस हा स्लोव्हाक होता. माजी परराष्ट्रमंत्री, कवी-लेखकांत वावरणारा माणूस. कवी लात्सो नोव्होमेस्की तुरुंगात गेला. गुस्ताव हुसाक या स्लोव्हाक कम्युनिस्ट नेत्याला जन्मठेप झाली. ‘बूर्झ्वा राष्ट्रवादी’ असा शिक्का मारून एका पिढीला आत टाकलं. वर्तमानपत्रं रोज शिक्षेची मागणी करत होती आणि म्न्याच्को त्या वर्तमानपत्रांतला आघाडीचा माणूस होता. या काळात त्याने आवाज उठवला नाही. त्याची भक्ती खरी होती. ज्यांनी प्लोश्तिनाची राख पाहिली, त्यांतल्या अनेकांना लाल सैन्य आणि पक्ष हीच मुक्ती वाटली, त्यांतलाच तोही. मला यात समजण्यासारखं बरंच दिसतं, पण माफ करण्याचा अधिकार माझा नाही. तो त्या तुरुंगांतून बाहेर आलेल्यांचा आहे.

१९५६ मध्ये मॉस्कोत ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या गुन्ह्यांचा पाढा वाचला आणि म्न्याच्कोची श्रद्धा तडकली. तो त्या सुमारास ‘कुल्तूर्नी झिव्होत’ या लेखकांच्या साप्ताहिकाचा संपादक होता. याच साप्ताहिकात दोमिनिक तातार्का या दुसऱ्या स्लोव्हाक लेखकाने १९५६ मध्येच होयबा होण्याच्या रोगावर एक विलक्षण कथन छापलं. तातार्काचाही रस्ता असाच होता : आधी समाजवादी वास्तववादाच्या कादंबऱ्या, मग बंड. पुढे त्याने मानवी हक्कांची मागणी करणाऱ्या चार्टर ७७ या जाहीरनाम्यावर सही केली. तेव्हा सही करणारे स्लोव्हाक लेखक बोटांवर मोजण्याइतके होते. १९८९ च्या मे महिन्यात तो वारला. राजवट कोसळायला सहा महिने उरले होते. तातार्का म्न्याच्कोपेक्षा मोठा गद्यकार आहे असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याशी मी भांडणार नाही. तरी मी आधी म्न्याच्को मागतो, कारण तो वार्ताहर आहे, कथेची गाडी सरळ पुढे नेतो, आणि त्या देशाचा इतिहास ठाऊक नसलेल्या वाचकालाही हाताला धरून आत नेतो.

१९६१ मध्ये जेरुसलेमला ज्यूंच्या कत्तलीची यंत्रणा चालवणाऱ्या आइखमान या नाझी अधिकाऱ्यावर खटला चालला. म्न्याच्को तिथे वार्ताहर म्हणून गेला आणि परतून त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. काचेच्या पेटीत बसलेला एक माणूस म्हणतो, मी फक्त हुकूम पाळले. ते ऐकून म्न्याच्को ज्या देशात परतला, तिथेही कागदांवर सह्या करणारे, चौकशा करणारे, जबान्या पढवून घेणारे लोक आपापल्या खुर्च्यांत बसून होते आणि त्यांचंही उत्तर तेच होतं. त्याने हा संबंध लगेच जोडला की नाही, हे ठामपणे म्हणता येणार नाही. पण दोनच वर्षांनी त्याचं ‘उशिरा आलेले वृत्तान्त’ बाहेर पडलं.

या पुस्तकाकडे आधी बघा, असं मी आग्रहाने म्हणेन. वर्ष १९६३. एप्रिलमध्ये स्लोव्हाक पक्षाचा प्रमुख कारोल बात्सिलेक, जो खटल्यांच्या काळात सुरक्षामंत्री होता, त्याला हटवून त्या जागी अलेक्झांडर दुब्चेक आला. क्लेमेंतिसचं निर्दोषत्व मान्य झालं, नोव्होमेस्कीचं पुनर्वसन झालं. दार किंचित उघडलं होतं, आणि म्न्याच्कोने त्यातून हा कथावजा वृत्तान्तांचा गठ्ठा आत सरकवला. पन्नाशीच्या दशकात चिरडली गेलेली माणसं त्यात आहेत. प्रामाणिक कम्युनिस्ट आहेत, कुठल्या तरी निनावी पत्रामुळे आयुष्यातून उठलेले आहेत, आणि त्यांना उठवणारेही आहेत. पुस्तकावर वाचकांच्या उड्या पडल्या. पक्षाची माणसं चवताळली. आणि ज्यांनी तुरुंग भोगला होता त्यांतल्या काहींनी विचारलं, हे तू तेव्हा का नाही लिहिलंस? पुस्तकाच्या नावातच त्या प्रश्नाची कबुली आहे. पण कबुली म्हणजे उत्तर नव्हे, आणि म्हणून तो प्रश्न मराठी आवृत्तीच्या प्रस्तावनेत यायलाच हवा.

आता त्याच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाकडे येतो, ‘सत्तेची चव’. देशातला एक मोठा सत्ताधारी वारला आहे. शवपेटी दर्शनासाठी ठेवली आहे, रांग लागली आहे, पहारेकरी बदलताहेत. फ्रँक हा सरकारी छायाचित्रकार आहे. मेलेला माणूस त्याचा लहानपणापासूनचा मित्र, पार्टिझन काळातला सोबती. फ्रँकला या सोहळ्याची छायाचित्रं काढायची आहेत. तो भिंगातून पेटीसमोरून जाणाऱ्यांचे चेहरे बघतो : विधवा, मुलगा, टपून बसलेला प्रतिस्पर्धी गालोविच, फुलं घेऊन आलेली शिष्टमंडळं. प्रत्येक चेहऱ्यागणिक एकेक आठवण उलगडत जाते. एकेकाळी लोकांत मिसळणारा, धडाडीचा, हसतमुख माणूस पायरी पायरीने कसा भित्रा, एकाकी आणि क्रूर होत गेला, ते आपल्याला दिसतं. त्याला लोक भेटेनासे होतात, मग लोकांची भीती वाटू लागते, मग लोक नकोसेच होतात. कादंबरीत त्याला नाव नाही. वाचकांनी त्यात राष्ट्राध्यक्ष नोव्होत्नी पाहिला, आणखी कुणी कुणी पाहिले.

मला मात्र या कादंबरीत सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो फ्रँक. तो खून करत नाही, कुणाला आत टाकत नाही. तो फक्त छायाचित्रं काढतो, आणि कुठलं छायाचित्र छापायचं नाही हे त्याला न सांगता कळतं. त्याच्या खणात न छापलेली छायाचित्रं साठत जातात. म्न्याच्को स्वतःबद्दल जे कुठे सरळ लिहीत नाही, ते त्याने फ्रँकच्या खणात ठेवलं आहे असं माझं वाचन आहे. १९५० च्या आसपासचा म्न्याच्को ठाऊक नसलेल्या वाचकाला फ्रँक हा नुसता गोष्ट सांगणारा वाटेल आणि कादंबरीचा अर्धा जीव हरवेल. माझं सगळं म्हणणं या एका पात्रावर टेकलेलं आहे.

ही कादंबरी पुस्तकरूपाने आधी निघाली ती जर्मन भाषांतरात, १९६७ मध्ये, व्हिएन्नाहून. मायदेशात स्लोव्हाकमध्ये पुस्तक यायला १९६८ उजाडलं.

मध्ये आणखी एक घटना घडली, आणि तिच्यावरून तो आजही कुणाला आवडतो, कुणाला नाही. जून १९६७ मध्ये सहा दिवसांचं युद्ध झालं. चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत युनियनच्या मागोमाग इस्रायलशी संबंध तोडले आणि वर्तमानपत्रांतून पुन्हा जुन्या ज्यूद्वेषाचा वास येऊ लागला. म्न्याच्को ज्यू नव्हता. ऑगस्टमध्ये तो निषेध म्हणून इस्रायलला निघून गेला आणि आपली भूमिका त्याने एका जर्मन वर्तमानपत्रातून जाहीर केली. सरकारने तातडीने त्याचं नागरिकत्व काढलं, पक्षाने हाकललं, मानसन्मान हिरावले. त्याचे सहकारी लेखक याच उन्हाळ्यात लेखक परिषदेत सरकारला खडे बोल सुनावून मायदेशीच राहिले होते, आणि त्यांतल्या काहींना त्याचं जाणं नाटकी वाटलं. मला स्वतःला त्याची इस्रायलबद्दलची भूमिका एकांगी वाटते. पॅलेस्टिनी माणसाचं दुःख त्याच्या नजरेच्या टप्प्यात आलंच नाही. पण स्लान्स्की खटल्यातला ज्यूद्वेष ज्याने गप्प राहून पाहिला, त्याने पुढच्या वेळी गप्प राहायचं नाकारलं, हेही मला त्यात दिसतं. दोन्ही गोष्टी वाचकासमोर ठेवा. वाचक काय ठरवायचं ते ठरवेल.

१९६८ च्या वसंतात तो परतला. ऑगस्टात सोव्हिएत रणगाडे देशात घुसले. तो ऑस्ट्रियात गेला, त्या रात्रींवर त्याने ‘सातवी रात्र’ लिहिलं, आणि मायदेशातल्या ग्रंथालयांतून त्याची पुस्तकं काढून टाकली गेली. एकेकाळचा जन्मठेपेचा कैदी गुस्ताव हुसाक आता पक्षाचा प्रमुख होता आणि त्याच्याच राज्यात हे सगळं झालं. ऑस्ट्रियातल्या वर्षांबद्दल मी फार लिहीत नाही. तो लिहीत राहिला, पण आपल्या वाचकापासून तुटलेला वार्ताहर काय लिहिणार? ती पुस्तकं उतरती आहेत, आणि तुम्ही ती सोडून दिलीत तरी चालेल.

१९८९ नंतर तो ब्रातिस्लाव्हाला परतला, तेव्हा त्याला डोक्यावर घेतलं जाईल असं कुणालाही वाटलं असतं. पण रस्त्यांवर आता राष्ट्रवाद होता. युद्धकाळातल्या फॅसिस्ट स्लोव्हाक राज्याबद्दल उघडपणे कौतुकाने बोललं जात होतं. ज्याने हलिंका गार्डच्या माणसांनी जाळलेली वाडी पाहिली होती, त्याला हे सोसणं शक्य नव्हतं. त्याने देशाच्या फाळणीला विरोध केला आणि फाळणी झाल्यावर तो प्रागला राहायला गेला. कम्युनिस्टांनी त्याला गद्दार म्हटलं होतं, आता राष्ट्रवाद्यांनी म्हटलं. फेब्रुवारी १९९४ मध्ये तो गेला.

तर आता कामाचं बोलतो.

आधी तीन पुस्तकं आणा : ‘मृत्यूचं नाव एंगेलखेन’, ‘उशिरा आलेले वृत्तान्त’ आणि ‘सत्तेची चव’. एकाच मालिकेत, एकाच संपादकाच्या नजरेखालून. सुटी सुटी, तीन वेगळ्या प्रकाशनांकडून दहा वर्षांत आली तर वाचकाला माणूस दिसणारच नाही. शिवाय पन्नाशीच्या दशकातल्या त्याच्या प्रचारकी वृत्तान्तांपैकी दोन-तीन निवडून परिशिष्टात द्या. ओराव्हाच्या धरणावरचा एखादा घ्या. ते वाचवत नाहीत, तरी द्या. प्रस्तावना स्लोव्हाक इतिहास जाणणाऱ्याकडून लिहून घ्या आणि तिला पानं मोजून देऊ नका.

भाषेचा प्रश्न आहे, हे मान्य. स्लोव्हाकमधून थेट मराठीत आणणारा माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाही मिळाला, तर लगेच इंग्रजीकडे धावू नका. पुण्यात जर्मन शिकण्या-शिकवण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि जर्मनमधून मराठीत उत्तम काम करणारे लोक आपल्याकडे आहेत. ‘सत्तेची चव’ तर जगासमोर आधी आली तीच जर्मनमध्ये. जर्मन प्रत पायाशी घ्या आणि स्लोव्हाक मूळ जाणणाऱ्या कुणाकडून ओळ न् ओळ ताडून घ्या. त्याचे पैसे द्या. अनुवादकाच्या मानधनात हे बसवू नका.

आणि धीराची गोष्ट. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या राज्य सरकारने एका मराठी अनुवादाला जाहीर केलेला पुरस्कार काही दिवसांतच रद्द केला आणि निषेध म्हणून समित्यांवरच्या लेखकांनी राजीनामे दिले, हे तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर ‘राजकीय’ पुस्तकाचं नाव काढलं की संपादकाच्या आवाजात जो सावधपणा येतो, तो मी ऐकला आहे. मला त्यांचा राग येत नाही, त्यांनाही घर आणि कर्ज आहे. पण म्न्याच्को आणायचा तर तो कुठल्याच गोटाला पूर्ण सोयीचा नाही, हे धरून चाला. डाव्यांना १९६३ टोचेल, उजव्यांना हलिंका गार्ड टोचेल, आणि जो कुणी सत्तेच्या जवळ बसून छायाचित्रं काढतो त्याला फ्रँक टोचेल. म्हणून कुठल्याही गोटाला खूश करायला मलपृष्ठ लिहू नका. आणि कुणी नाराज होईल म्हणून एखादं प्रकरण आखडतं घेणार असाल, तर कृपा करून पुस्तक हाती घेऊच नका.

‘सत्तेची चव’ची जर्मन प्रत माझ्याकडे आहे, सुरुवातीच्या भागाचा कच्चा मराठी खर्डाही आहे. माझ्यापेक्षा चांगली जर्मन आणि चांगली मराठी असलेला कुणी हे काम घेणार असेल, तर प्रत आणि खर्डा दोन्ही आनंदाने देईन. अनुवादक म्हणून माझं नाव कुठेही घालायची गरज नाही. तुमच्यापैकी कुणी हक्कांची चौकशी सुरू केली, तर तेवढं मात्र जाहीर करा, म्हणजे दोघातिघांनी एकाच पुस्तकावर वेगवेगळं काम करून श्रम वाया जाणार नाहीत.

आपला,
पुण्यातला एक वाचक आणि जर्मनचा जुना विद्यार्थी